युरोप टूर काढणाऱ्या मराठी टूर कंपन्यांना खुलं पत्र: बाड कानश्टाटवरून नुसती बस नेऊ नका

नमस्कार मंडळी,

हे पत्र कुठल्या एका कंपनीला नाही. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, जिथून जिथून युरोपच्या मराठी टूर निघतात त्या सगळ्या कंपन्यांना, त्यांच्या टूर लीडर मंडळींना आणि पुढच्या सीझनचा कार्यक्रम जे ठरवतात त्यांना आहे. उघड लिहितेय कारण तुमच्या बसमध्ये बसणाऱ्या लोकांनीही हे वाचावं असं वाटतं, शेवटी पैसे तेच भरतात.

मी नाशिकची. बाबांची अख्खी नोकरी सातपूरला मायकोत, म्हणजे आताच्या बॉश कंपनीत, गेली, डिझेलच्या नोझल आणि इंजेक्टर करण्यात. आता मी नवरा आणि मुलांबरोबर श्टुटगार्टमध्ये राहते, नेमकं सांगायचं तर श्टुटगार्टच्या बाड कानश्टाट भागात, नेकार नदीच्या काठी. यंदा आई-बाबा एका मराठी टूरबरोबर आले होते. कार्यक्रमात ठळक अक्षरांत 'श्टुटगार्ट दर्शन' छापलेलं, म्हणून बाबा महिनाभर आधीपासून खूश. प्रत्यक्षात काय झालं तर बस मर्सिडीज म्युझियमच्या दारात थांबली, दोनेक तास गाड्या बघून झाल्या, खालच्या दुकानातून की-चेन घेऊन झाल्या, बसमध्ये फूड पॅकेट वाटली आणि लीडरने माइकवर सांगितलं की या शहरात आणखी बघण्यासारखं काही नाहीये, आता जरा डुलकी काढा, पुढे ब्लॅक फॉरेस्टला कुकू क्लॉक बघायचंय.

आईने फोनवर हे सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. कारण बस उभी होती ती जागा बाड कानश्टाटचीच, म्युझियमचा पत्ताच कानश्टाटचा आहे. आणि हे एकाच कंपनीचं नाही, ओळखीतल्या बऱ्याच जणांचे आई-वडील, सासू-सासरे वेगवेगळ्या कंपन्यांबरोबर येऊन गेलेत, सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच.

तर पहिली तक्रार ही, की 'बघण्यासारखं काही नाही' हे वाक्य खरं नाही, आणि ज्यांनी तिकिटासाठी आयुष्यभराची बचत काढली त्यांना खोटं सांगू नये.

कानश्टाट हे श्टुटगार्टपेक्षा जुनं आहे, आणि १ एप्रिल १९०५ पर्यंत ते वेगळं शहर होतं. नदी ओलांडायची सोयीची जागा इथे होती म्हणून इसवी सन ९० च्या सुमाराला रोमन लोकांनी वरच्या टेकाडावर, ज्याला आज हालश्लाग म्हणतात तिथे, घोडदळाचा किल्ला बांधला. जवळजवळ ५०० स्वार आणि त्यांच्यासाठी कमीत कमी ७०० घोडे. २०२४ मध्ये नवीन घरं बांधायच्या आधी उत्खनन झालं त्यात शंभराहून जास्त घोड्यांचे सांगाडे निघाले, दुसऱ्या शतकातले. मेलेली, आजारी पडलेली जनावरं वस्तीबाहेर नेऊन पुरायची जागा होती ती. बहुतेक घोडे नुसते खड्ड्यात ढकललेले, पण एका घोड्याजवळ दोन सुरया आणि एक छोटा तेलाचा दिवा ठेवलेला सापडला. अठराशे वर्षांपूर्वी इथल्या कुठल्या तरी शिपायाला आपल्या घोड्याचं एवढं वाईट वाटलं होतं. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला भाषांतर लागत नाही हो, फक्त कुणीतरी सांगायला पाहिजे.

त्याच्याही मागे जायचं तर १७०० साली इथल्या उफकिर्खे नावाच्या छोट्या चर्चजवळ मॅमथचे सुळे आणि हाडं ढिगाने सापडली, तेव्हाच्या ड्यूकने मुद्दाम खोदकाम करवलं आणि त्यातली काही हाडं तर औषध म्हणून कुटायला दरबारी औषधालयात गेली. १८१६ मध्ये पुन्हा मॅमथचे सुळे निघाले, ते बघायला राजा फ्रीडरिश स्वतः थंडीत आला, त्याला सर्दी-ताप झाला आणि त्यातच तो गेला असं सांगतात. ७४६ साली फ्रँक लोकांच्या कार्लमान नावाच्या सरदाराने अलेमानी या इथल्या जर्मन टोळीच्या म्होरक्यांना कानश्टाटला सभेसाठी बोलावलं आणि त्यांना धरून मारलं, किती मारले यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही, पण त्यानंतर अलेमानी लोकांचं स्वतंत्र राज्य काही उरलं नाही. १३३० साली गावाला शहराचा दर्जा मिळाला. जुन्या गावात क्लॉस्टर्ले नावाचं लाकडी चौकटीचं घर आहे, १४६३ चं, बाजूलाच पंधराव्या शतकातलं चर्च. ह्यातलं एक अक्षर तुमच्या माइकवरून आलं नाही.

आणि पाणी! कानश्टाट आणि नदीपलीकडचा बेर्ग हा भाग मिळून इथे जमिनीतून खनिज पाण्याचे झरे वर येतात, रोजचं दोन कोटी लिटरच्या वर पाणी, युरोपात बुडापेस्टच्या खालोखाल इथलाच नंबर लागतो. पाऊस पडतो तिकडे पश्चिमेला झिंडेलफिंगन, ब्योब्लिंगनच्या बाजूला, तो चुनखडीत मुरतो, खालून खालून वर्षानुवर्षं प्रवास करत नदीकाठच्या भेगांमधून आपसूक वर येतो. एकोणिसाव्या शतकात ह्या पाण्यासाठी युरोपभरातून लोक इथे हवापालटाला यायचे, त्यांच्यासाठी बांधलेला कुरझाल हा मोठा हॉल अजून दिमाखात उभा आहे आणि त्याच्यासमोरच विल्हेल्म्सब्रुनन हा झरा. हे पाणी मी पहिल्यांदा प्यायले तेव्हा लोखंडी कढईत रात्रभर ठेवल्यासारखं लागलं, वर खारट, वर बुडबुडे. गणपतीपुळ्याहून आणि त्र्यंबकेश्वरहून बाटलीत तीर्थ भरून नेणारी आपली माणसं, त्यांना ह्या झऱ्याजवळ दहा मिनिटं उभं करायला काय हरकत आहे?

ह्याच पाण्यातल्या चुन्याने हजारो वर्षांत ट्रॅव्हर्टीन नावाचा दगड तयार झाला. त्याच्या खाणी कानश्टाटच्या कडेला होत्या. तिथे आजही १४ मोठे खांब उभे आहेत. नाझी काळात बर्लिनमधल्या मुसोलिनीच्या नावाच्या चौकासाठी ते घडवले, युद्ध आलं, खांब कुणी न्यायला आलंच नाही.

दुसरी तक्रार. तुमच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या जाहिरातींमध्ये कानश्टाटचं नाव येतं, नाही असं नाही, पण फक्त 'बियर फेस्टिव्हल' म्हणून. ज्या माळावर तो भरतो त्याला वाझन म्हणतात, नदीकाठचं कुरण होतं ते. आता त्याची खरी गोष्ट ऐका. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेमुळे १८१६ साली युरोपात उन्हाळाच झाला नाही, पिकं बुडाली, व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्ट राजधानी असलेल्या तेव्हाच्या राज्यात, लोक उपाशी मेले, जनावरं कापून खाल्ली, हजारो लोक देश सोडून गेले. त्याच वर्षी राजा विल्हेल्म गादीवर आला. त्याची राणी कातारीना ही रशियाच्या झारची मुलगी, तिने अन्नछत्रं, बँक, मुलींची शाळा असं बरंच काही उभं केलं. आणि शेतकऱ्याने पुन्हा उभं राहावं, चांगलं बी-बियाणं, चांगली जनावरं बघावीत म्हणून २८ सप्टेंबर १८१८ ला कानश्टाटच्या कुरणावर शेतीचं प्रदर्शन भरवलं, उत्तम जनावरांना बक्षिसं, घोड्यांच्या शर्यती. तोच हा फोल्क्सफेस्ट, तुमचा 'बियर फेस्टिव्हल'. मधोमध जो २६ मीटर उंच खांब दिसतो ना, धान्य-फळांनी सजवलेला, तो त्या दुष्काळानंतरच्या पहिल्या भरल्या कणगीची आठवण आहे. राणी बिचारी जेमतेम तीन-चार महिन्यांनी, जानेवारी १८१९ मध्ये गेली.

दुष्काळ म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. तुमच्या बसमध्ये मराठवाड्यातले, नगर-सोलापूरकडचे शेतकरी कुटुंबातले लोक असतात, आता मुलगा आयटीत आहे म्हणून युरोपला येतात. त्यांना ह्या खांबाखाली उभं करून ही गोष्ट सांगितली तर बियरच्या तंबूपेक्षा ती जास्त लक्षात राहील असं मला अगदी मनापासून वाटतं. ज्यांना बियर प्यायची त्यांनी प्यावी की, माझं त्याला काही म्हणणं नाही.

तिसरी तक्रार गाडीचीच, आणि ही बाबांच्या वतीने. म्युझियम सुंदर आहे, ते दाखवता ते योग्यच. पण गाडीची गोष्ट त्या चकचकीत इमारतीत सुरू झाली नाही, ती सुरू झाली तिथून बसने दहा-पंधरा मिनिटांवर, कुरझालमागच्या कुरपार्कच्या कडेला एका बागेतल्या काचेच्या खोलीत. गॉटलीब डाइमलरने १८८२ मध्ये टाउबेनहाइम रस्त्यावर घर घेतलं आणि बागेतल्या त्या खोलीत तो आणि विल्हेल्म मायबाख दिवस-रात्र खटपट करायला लागले. दार कायम बंद, रात्री-बेरात्री ठोकाठोकीचे आवाज, माळ्याला वाटलं आत खोट्या नोटा-नाण्यांचा धंदा चाललाय, त्याने पोलिसांना कळवलं, पोलिसांनी झडती घेतली तर आत इंजिनाचे भाग! ही गोष्ट इथल्या शाळेतल्या मुलांना तोंडपाठ असते. १८८५ मध्ये त्या इंजिनावर लाकडी दुचाकी धावली, १८८६ मध्ये घोडागाडीला इंजिन बसवलं, आणि त्याच वर्षी नेकार नदीत मोटरबोट सोडली. पेट्रोलच्या नावाने लोक घाबरायचे म्हणून बोटीला वरून तारा आणि चिनी मातीचे इन्सुलेटर लावले, जेणेकरून ती विजेवर चालतेय असं वाटावं. ती खोली अजून आहे, आत जाऊन बघता येते, आणि चालत जाण्याच्या अंतरावर उफकिर्खेच्या दफनभूमीत डाइमलर आणि मायबाख दोघंही विसावलेत, तीच ती मॅमथवाली जागा.

कानश्टाटमधली त्यांची फॅक्टरी जून १९०३ मध्ये जळाली आणि त्यानंतर कारखाना शेजारच्या उंटरट्युर्कहाइमला गेला. आणि १८८६ मध्येच रोबर्ट बॉशने श्टुटगार्टमध्ये आपलं छोटं वर्कशॉप उघडलं, ज्याच्या पेटंटांवर पुढे बंगळुरूची मायको आणि नाशिकची मायको उभी राहिली. १९५४ मध्ये टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डाइमलर-बेंझचा करार झाला, टाटा मर्सिडीजचे ट्रक आपल्या घाटांमधून पुढची कितीतरी वर्षं धावले. चाकणला आजही मर्सिडीज जोडल्या जातात. नाशिक, पिंपरी, चाकणच्या निवृत्त फिटरला, टर्नरला, सुपरवायझरला ती काचेची खोली दाखवणं म्हणजे त्याच्या स्वतःच्या आयुष्याचा उगम दाखवणं आहे. बाबा त्या खोलीपासून दहा-पंधरा मिनिटांवर बसमध्ये बसून फूड पॅकेटमधला पुलाव खात होते. टूर पुढे निघाली, मला त्यांना तिथे नेता आलं नाही, आणि आता बाबांचे गुडघे बघता पुन्हा एवढा प्रवास होईल असं दिसत नाही. म्हणून हे पत्र.

रेल्वेचंही तेच. व्युर्टेम्बर्ग राज्यातली पहिली आगगाडी २२ ऑक्टोबर १८४५ ला कानश्टाट ते उंटरट्युर्कहाइम धावली, आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावायच्या साडेसात वर्षं आधी. एक वाक्य लागतं हे सांगायला.

आता जरा कठीण विषय. 'टूरवर दुःखाचं काही नको, लोक मजा करायला येतात' असं मला एका लीडरने समोरासमोर सांगितलंय, म्हणून लिहिते. अल्बर्ट आइनस्टाइनची आई पाउलिना कोख हिचा जन्म कानश्टाटचा, १८५८ चा, घरचा धान्याचा व्यापार होता. १८७६ मध्ये इथल्याच सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, तिचं लग्न झालं. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी देशभर ज्यूंवर हल्ले केले त्या रात्री ते सिनेगॉग जाळून टाकलं. आज क्योनिग-कार्ल रस्त्यावर त्या जागी स्मृतिस्थळ आहे, बाजूने गाड्यांची सतत वर्दळ. गल्ल्यांमध्ये फुटपाथवर पितळेच्या छोट्या चौकोनी पाट्या बसवल्यात, त्या घरात राहणाऱ्या, नाझींनी छळलेल्या माणसाचं नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कधी मारलं. माझी धाकटी शाळेत जाताना त्या वाचत जाते आणि मला प्रश्न विचारते. आठ वर्षांच्या मुलीला जे झेपतं ते साठीच्या माणसाला झेपणार नाही असं आपण का धरून चालतो? पर्यटकांना तुम्ही लहान मूल समजता ह्याचं मला खरंच दुःख होतं.

नदीबद्दलही बोलते. तुम्ही हायडेलबर्गला जुन्या पुलावर सगळ्यांना उभं करून ग्रुप फोटो काढता ना, तो नेकारवरच काढता. तीच नदी, फक्त वरच्या अंगाला. कानश्टाटला ती तितकी देखणी नाही हे मी मान्य करते. जहाजांसाठी तिचा कालवा केला, धरणं आणि जहाजं वर-खाली नेणारे लॉक बांधले, १९५८ मध्ये श्टुटगार्टचं बंदर सुरू झालं, काठाकाठाने हायवे आला. जुने पूल एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच उडवले. पोहायलाही बंदी आहे. म्हणजे ज्या नदीमुळे गाव वसलं त्या नदीपर्यंत पोचायला गावकऱ्यांना ट्रॅफिक ओलांडून जावं लागतं, आणि ती पुन्हा आपल्याला मिळावी म्हणून इथले लोक वर्षानुवर्षं भांडतायत. २०१७ मध्ये शहराने नदीकाठासाठी मोठा आराखडा केला, २०२७ च्या बांधकाम प्रदर्शनातही नेकार हा महत्त्वाचा विषय आहे. गोदावरीचा काठ सिमेंटचा होताना बघितलेली मी, मला हे बघायला, त्यावर बोलायला आवडतं. पुण्यातून मुळा-मुठेच्या काठावरून आलेल्या माणसालाही आवडेल. नदी सुंदर असेल तरच दाखवायची असं कुठे आहे?

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. दिवसाला ड्रायव्हरचे तास ठरलेले असतात, पंचेचाळीस माणसं, त्यातली निम्मी बीपी-शुगरची, टॉयलेट कुठे, चालणं किती, जैन जेवण कुठे. पण कानश्टाट हे सत्तर हजार वस्तीचं नांदतं गाव आहे, जंगल नाही. कुरपार्कमध्ये बाकं आहेत, सावली आहे. मार्क्टश्ट्रास या बाजाराच्या रस्त्यावर गाड्या नाहीत, तिथे तुर्की, इटालियन, ग्रीक दुकानं शेजारी-शेजारी, १९५५ नंतर कामगार म्हणून आलेल्या लोकांची तिसरी-चौथी पिढी आहे ती. त्यांच्या आजोबांनीही इथल्याच कारखान्यांत काम केलं आणि आता त्याच कारखान्यांत आपली मुलं करतायत. तुमच्या बसमधल्या कित्येक आई-बापांची मुलं श्टुटगार्टच्या आसपासच नोकरीला आहेत, त्यांचं गाव कसं आहे हे त्यांना बघायचं असतं हो. मुंबई आणि श्टुटगार्ट तर १९६८ पासून जोडशहरं आहेत, मुंबईहून आलेल्या किती पर्यटकांना तुम्ही हे सांगता?

तर माझ्या मागण्या, सरळ लिहिते.

जिथे 'श्टुटगार्ट दर्शन' छापता तिथे म्युझियमव्यतिरिक्त तीन तास बाड कानश्टाटला द्या: कुरझाल आणि झरा, डाइमलरची बागेतली खोली, उफकिर्खे, जुनं गाव आणि नदीवरचा पूल. जमणार नसेल तर 'दर्शन' हा शब्द काढा आणि 'मर्सिडीज म्युझियम भेट' एवढंच छापा, लोकांना काय मिळणार ते आधी कळू द्या.

फोल्क्सफेस्टची जाहिरात करताना १८१६ चा दुष्काळ आणि राणी कातारीना ह्यांच्यावर दोन ओळी तरी घाला, आणि त्या खांबापाशी ग्रुप थांबवा.

सिनेगॉगच्या जागेपाशी पाच मिनिटं थांबा. ज्यांना नको असेल ते पुढे जाऊन बसतील.

टूर लीडरना इथली माहिती मराठीत लिहून द्या, आणि माइकवर 'इथे काही नाही' हे वाक्य कुठल्याच गावाबद्दल बोलायचं नाही असं बजावा.

आणि ज्यांची मुलं श्टुटगार्ट परिसरात राहतात त्यांना त्या दिवशी मुलांना येऊन भेटता येईल अशी वेळ आणि जागा आधी कळवा. कुरझालच्या समोरचं अंगण त्याला उत्तम आहे.

पुढच्या उन्हाळ्याचे कार्यक्रम दिवाळीच्या आसपास छापायला जातात, म्हणून आत्ताच लिहितेय. ज्या कंपनीला हे करून बघायचं असेल तिने कळवावं. मार्गाचा नकाशा, कुठे किती चालायचं, टॉयलेट कुठे, शाकाहारी कुठे मिळेल हे सगळं मी मराठीत लिहून देईन, आणि शनिवार-रविवार असेल तर ग्रुपबरोबर स्वतः चालायला येईन. त्याचे पैसे नकोत.

कळावे,
बाड कानश्टाटमध्ये राहणारी एक नाशिककर